भरल्या गाडीचं अलाइनमेंट

माझ्या हाताला चैन नाही. चालता पंखा उतरवून पाहिलाय, मिक्सर दोनदा खोललाय, आणि लग्नात आलेलं भिंतीवरचं घड्याळ तर इतक्या वेळा दुरुस्त केलंय की आता ते नुसतं शोभेला आहे. बायको म्हणते, तुम्हाला एखादी वस्तू नीट चाललेली बघवत नाही. खरं आहे ते. म्हणूनच जुनी सेडान घेतली त्याच महिन्यात मी तिच्या स्प्रिंगा बदलल्या आणि तिला दोन बोटं खाली बसवली. कारण काहीच नव्हतं. खाली बसलेली गाडी मला देखणी वाटायची, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गाडी हाताशी आली होती. पुढे त्या गाडीत आई बसणार आहे हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळे गावचे कोळी. बाबा गेल्यावर होडी काकांनी चालवायला घेतली, पण तिच्यावरचं म्हावरं, म्हणजे मासळी, विकायचा हक्क आईने सोडला नाही. पहाटे जेट्टीवर म्हावरं निवडायचं, बर्फ घालायचा आणि बायकांच्या टेम्पोतून वाशीच्या बाजारात जाऊन बसायचं, हे तिचं कित्येक वर्षांचं. दोन वर्षांपूर्वी त्याच टेम्पोतून उतरताना तिचा पाय निसटला. कमरेच्या हाडात पट्टी बसवावी लागली. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, पुन्हा पडल्या तर उभ्या राहतील असं धरून चालू नका. मी ते घरी सांगितलं, पण आईने त्यातलं काही ऐकलंच नाही. तिने एवढंच विचारलं, की बसून धंदा केला तर चालेल ना. चार महिन्यांनी ती पाटीसकट बाजारात हजर.

मग मी म्हटलं, टेम्पो बंद, माझ्या गाडीतून चल. माझं ऑफिस महापेला, दहाचं. तिला वाशीला सोडून पुढे जायचं, परत ती रिक्षाने येईल, त्यात अवघड काय? रोज सकाळी डिकीत ताडपत्री अंथरायची, चार क्रेट ठेवायचे, वर बर्फ. काटा, कोयता, पाट पुढच्या सीटच्या पायाशी. आई मागे डाव्या बाजूला, दुखरा पाय सीटवर आडवा टाकून. बेलापूरहून पामबीचला लागलो की ती डोळे मिटून त्या दिवसाचे भाव मनात जुळवायची आणि मी गाडी पळवायचो. दोन-तीन महिने सुखाचे गेले.

तेवढ्यात दोन गोष्टी झाल्या. पहिली ऑफिसातली. एका सहकाऱ्याला स्टेशनपर्यंत सोडायला गाडीत घेतलं. तो बसला, दार लावलं आणि काच खाली केली. पूर्ण खाली. एसी चालू असताना. त्या दिवसापासून मला म्हावऱ्याच्या वासाने पछाडलं. आईला बाजारात उतरवलं की मी पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी उभी करून डिकी पुसायचो. कापूर ठेवून पाहिला, मोज्यात कॉफी भरून ठेवली, शेवटी सीटखाली लिंबाच्या साली. लहानपणापासून ज्या वासात जेवलो, झोपलो, तो वास मी दिवसातून दोनदा धुऊन काढत होतो.

दुसरी गोष्ट मागच्या चाकांची. टायर आतल्या बाजूने झिजून तारा दिसायला लागल्या. नवे टाकले, तेही चार महिन्यांत गेले. आधीच खाली बसवलेली गाडी, त्यात डिकीत वजन. मागची दोन्ही चाकं डोकं आत आणि पाय बाहेर टाकून उभी राहायची, आणि धावताना एकमेकांपासून तोंड फिरवायची. त्यामुळे शेपूट हलायचं. पुलावरचा सांधा आला, वळण आलं, की मागचा भाग आपल्या मनाने जरा बाजूला सरकून यायचा. आईने भावांचा हिशेब सोडला आणि काचेवरचं हँडल धरायला सुरुवात केली.

मी चार दुकानं फिरलो. सगळीकडे एकच उत्तर. पुढचं करून देतो, मागचं ॲडजस्ट होत नाही साहेब, कंपनीतूनच फिक्स येतं. हे ‘होत नाही’ ऐकलं की माझं डोकं सरकतं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी इंटरनेटवर शोधत बसलो, आणि सापडलं. ज्या दांड्यांनी मागचं चाक गाडीला बांधलेलं असतं, तशाच दांड्या, पण मधे आटे असलेल्या. फिरवल्या की लांबी कमी-जास्त होते. एका जोडीने चाकाचा झुकाव बदलतो, दुसरीने तोंडाची दिशा. चार दांड्या मागवल्या. पार्सल आलं आणि रविवारची वाट बघत गॅलरीत पडून राहिलं.

रविवारच्या आधीच ते घडलं. पौर्णिमेचं उधाण, काकांच्या होडीला म्हावरं भरपूर, चारही क्रेट शिगोशीग. नेरुळच्या पुढे कुत्रं आडवं आलं. मी स्टिअरिंग जरासं ओढलं, पुढची चाकं ऐकली, मागची ऐकेनात. गाडी तिरकी होऊन दुसऱ्या लेनमध्ये गेली आणि परत आली. मागून कोणी येत नव्हतं, एवढंच नशीब. आई दारावर आपटली, पट्टी घातलेल्या बाजूने. मी गाडी थांबवली, विचारलं, तर म्हणाली काय नाय, चल. वाशीपर्यंत तिने हँडल सोडलं नाही. क्रेट उतरवून झाल्यावर शांतपणे म्हणाली, "मी टेम्पूनं जाईन. तुजी गारी मागशी हालते."

टेम्पोची पायरी गुडघ्याएवढी उंच. पहाटेचा ओला रस्ता, बायकांची घाई, आणि डॉक्टरांचं ते वाक्य. आईला घरी बसवणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं, म्हणजे ती त्या पायरीवर रोज चढणार आणि रोज उतरणार. मी तिच्या मागे लागलो, मला थोडे दिवस दे, गाडी सरळ करतो. तिने दिवस दिला तो तिच्या हिशेबाने. आमुशेपर्यंत बसेन, म्हणाली. अमावस्येला पुन्हा उधाण, पुन्हा भरपूर म्हावरं. तेव्हा तिला हलणारी गाडी नको होती.

रविवारी बाजारातून आल्या आल्या मी जेट्टीजवळच्या मोकळ्या जागेत, बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांड्यांच्या बाजूला गाडी घेतली आणि मागून जॅकवर चढवली. चाकं काढली. आत बघतो तर बोल्ट गंजून लाल झालेले. खाडीचं खारं वारं आणि डिकीतून रोज गळणारं बर्फाचं पाणी, दुसरं काय होणार? तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, पान्याला पाइप लावून त्यावर लोंबकळलो. एक बोल्ट तुटला तो तासभर किसत बसलो. आई ओट्यावरून बघत होती. मधेच म्हणाली की तुझे बाबा इंजिनाशी असेच झोंबायचे आणि मग होडी चार दिवस बंद असायची. मी पुन्हा पाइपवर जोर लावला.

सूर्य खाडीवर टेकला तेव्हा चारही दांड्या बसल्या. चाकं लोंबकळत असतानाच मी सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले. मग बाबांच्या जाळ्याची नायलॉनची दोरी गाडीच्या दोन्ही बाजूंनी ताणून चाकांची तोंडं अंदाजाने जुळवली. डोळ्याला सरळ दिसत होतं. तरी मला करमेना. खरं माप मशीनवरच कळणार, आणि माप न घेता मला राहवत नाही.

गाडी रोज सकाळी आईला लागायची, आणि तिला सोडून तशीच वास मारणारी गाडी मला दुकानात न्यायची नव्हती. मोकळी मिळायची ती फक्त ती धंद्याला बसत नाही त्या दिवशी. संकष्टीला ती बसत नाही, एकादशीला बसत नाही. त्या दिवशी म्हावरं घेणार कोण? म्हणून मी संकष्टी धरली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आदल्या संध्याकाळी गाडी अशी धुतली, अशी घासली, की लग्नाला न्यायची आहे म्हणावं. ताडपत्री काढली, काटा-कोयता-पाट घरात ठेवले, सीटवर शॅम्पू मारला. सकाळी नव्या साली टाकल्या आणि कळंबोलीला गेलो.

कळंबोलीला ट्रकच्या अड्ड्यांमध्ये एक अलाइनमेंटवाला आहे. साताऱ्याकडचा, पन्नाशीचा, बोलणं कमी. गाडी खड्ड्यावरच्या रॅम्पवर चढवली की तो आधी चहूबाजूंनी फिरून बघतो, मग चाकांना क्लॅम्प लावतो. माझ्या नव्या दांड्या त्याला आवडल्या. खाली खड्ड्यात उतरून टॉर्च मारला आणि तिथूनच विचारलं, की बोल्ट चाकं लोंबकळत असताना आवळलेत का. मी हो म्हटलं. तो हसला. म्हणाला, गाडीचा भार चाकांवर आला की मग आवळायचं असतं, नाहीतर आतलं रबर पिळलेलंच राहतं. सगळे बोल्ट त्याने सैल करून पुन्हा आवळले. मग त्याने मला सरळ प्रश्न विचारला, "गाडीत रोजचं वजन किती असतंय?"

बाहेर दोन जण आपापल्या गाड्या घेऊन थांबले होते. एकाच्या हातात चहा, दुसरा मोबाइलमध्ये. त्यांनी ऐकलंही नसेल. तरी मी म्हणालो, काही नाही, मी एकटाच असतो, ऑफिसला जातो.

त्याने एकट्या माणसाच्या हिशेबाने दांड्या फिरवल्या. स्क्रीनवरचे लाल आकडे एकेक करून हिरवे झाले. परत येताना गाडी काय चालली म्हणता! सायन-पनवेल हायवेवर स्टिअरिंग सोडलं तरी सरळ. घरी येऊन मी आईसमोर बढाई मारली. दुसऱ्या दिवशी चार क्रेट, बर्फ आणि आई घेऊन पामबीचला लागलो, आणि पहिल्याच सांध्यावर शेपूट हललं. आरशात बघितलं तर आईचा हात हँडलवर. ती माझ्याकडे बघतही नव्हती. मला स्वतःचाच भयंकर संताप आला, पण मी तो आटे नीट नसतील, दांड्या स्वस्तातल्या असतील, मशीनच चुकीचं असेल, असा सगळीकडे वाटून टाकला.

त्या आठवड्यात मी ऑफिसात नुसता शरीराने होतो. पार्किंगमध्ये वाकून चाकं बघायचो. पाना काढून अर्धा आटा फिरवायचो, पुन्हा उलटा फिरवायचो. आईने टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय, असं बायकोने सांगितलं. एकादशीला पुन्हा कळंबोली. पुन्हा आदल्या दिवशी तीच धुलाई, तीच लिंबं.

अलाइनमेंटवाल्याने मशीन लावलं. आकडे थोडे हलले होते, तेही माझ्याच पान्यामुळे. तो म्हणाला, यात शेपूट हलवण्यासारखं काही नाही. मग वरून शॉकॲबसॉर्बरचा नट बघायला त्याने डिकी उघडली आणि बाजूचं अस्तर सोडवलं. तिथे हात घातला, बाहेर काढला, आणि टॉर्चच्या उजेडात तळहात बघत राहिला. अस्तराच्या आत माझा फडका कधी पोचला नव्हता. त्याच्या तळव्यावर खवले होते. सुकलेले, चकचकीत, चांगले पाच-सहा.

त्याने ते नखाने खाली झटकले. हात पँटला पुसला आणि अस्तर परत लावलं. मग म्हणाला, "ट्रकवाला पहिलं इचारतो, भरून आणू का रिकामी. तुमी मला रिकामी गाडी दाखवताय आणि चालवताय भरून. वजन लपवून गाडी सरळ हुनार न्हाई साहेब."

मी मान खाली घालून विचारलं, भरून म्हणजे किती भरून. तो म्हणाला, रोज जे असतं ते सगळं. जो जिथे बसतो तो तिथे.

बघता बघता अमावस्येला दोनच दिवस उरले. आईला सांगायचं होतं, आणि मी ते रोज पुढे ढकलत होतो. ती ओट्यावर सुके बोंबील बांधत होती. मी म्हटलं, परवा बाजाराच्या आधी कळंबोलीला यावं लागेल. म्हावरं घेऊन. तिने विचारलं, मी कशाला? मी म्हटलं, तो माणूस म्हणतो गाडी रोज असते तशीच आण, तुझ्यासकट. तिने गाठ मारून गठ्ठा बाजूला ठेवला. मग तिने विचारलं ते भलतंच. एवढ्या उशिरापर्यंत बर्फ टिकेल का?

अमावस्येच्या सकाळी होडीला म्हावरं एवढं होतं की चार क्रेटवर एक पाटी ठेवावी लागली. त्या दिवशी मी गाडी धुतली नाही. आई मागे बसली, पाय आडवा, कोयता-पाट जागेवर. कळंबोलीला अलाइनमेंटवाल्याने आमच्यासाठी दुकान लवकर उघडून ठेवलं होतं. रॅम्पवर चढताना गाडी मागून खाली टेकते की काय असं वाटलं. डिकीतून पाणी टपकत होतं आणि वास अख्ख्या दुकानात पसरला. शेजारच्या अड्ड्यावरचे दोन-तीन ट्रक ड्रायव्हर वासानेच आले आणि काचेतून आईला कोलंबीचा भाव विचारू लागले. आईने लगेच वाट्याचा भाव सांगितला आणि एकाला तर पिशवीही आणायला लावली. खड्ड्यातून अलाइनमेंटवाला म्हणाला, मावशी, माप होईपर्यंत एक कोलंबीसुद्धा विकू नका. आईने तोंड वाकडं केलं आणि ड्रायव्हरांना सांगितलं, वाशीला या.

मी बाहेर उभा राहून स्क्रीन बघत होतो. मागच्या चाकांचे सगळे आकडे लालभडक. रोज आईला मी यात बसवत होतो. अलाइनमेंटवाला म्हणाला, तुम्ही काय उभे, तुमच्या जागेवर बसा, तुमचंबी वजन हाय की. मी आत बसलो. पुढे मी, मागे आई. खाली पान्याचा आवाज. तिने सीटखाली हात घातला असावा, कारण तिचा हात माझ्या खांद्याजवळून पुढे आला. हातात वाळलेली लिंबाची साल होती.

"ही कशाला ठेवतोस रं?"

माझ्याकडे दोन-तीन उत्तरं तयार होती. मुंग्यांसाठी, डासांसाठी. पण त्या रॅम्पवर बसून अजून एक खोटं बोलायचा मला वीट आला. मी म्हटलं, "लाज वाटते आये. ऑफिसात."

बोललो आणि जीभ तोडून टाकावीशी वाटली. डिकीतून बर्फाचं पाणी टपकत होतं. आरशात बघायची माझी छाती होईना. मग ती म्हणाली, "मना पन वाटाची. तुजे शालंन येवाची तवा पाटी बाहेरशी ठेवाची, आंग धुवूनशी येवाची."

मला ते केस आठवले. पालकांच्या सभेला ती नेहमी उशिरा यायची, सगळ्या आया बसून झाल्यावर, केस ओलेगच्च, पदर डोक्यावर. मी घरी येऊन तिच्याशी भांडायचो, की तुलाच एकटीला वेळेवर यायला काय होतं. बाजारातून आलेली ती कुणाच्या तरी नळावर अंघोळ करून माझ्या वर्गात यायची, हे मला कळायला माझं वय चाळिशीला आलं. मला रडू फुटलं. खांदे हलले असावेत, कारण खालून आवाज आला, "साहेब, हलू नका. आकडा हलतोय."

मी हललो नाही. आईनेही हात मागे घेतला नाही, माझ्या खांद्यावर टेकवून ठेवला, सालीसकट. अलाइनमेंटवाला वर आला, त्याने स्क्रीनकडे बोट दाखवलं. सगळे हिरवे. गाडी तुमचं सगळं वजन घेऊन स्वतःच्या पायांवर उभी असतानाच बोल्ट आवळलेत, म्हणाला. आईने त्याला जाताना कोलंबीचा भरघोस वाटा दिला आणि कशी करायची तेही सांगितलं. तो माळकरी निघाला. वाटा त्याने शेजारच्या ड्रायव्हरांना दिला.

कळंबोलीहून उलटं बेलापूर, मग पामबीच. पहिला सांधा आला. गाडी सरळ गेली. दुसरा आला. नेरुळच्या पुढचं, कुत्रं आडवं आलं होतं तिथलं वळण आलं, मी मुद्दाम नेहमीच्या वेगाने घेतलं, आणि मागची चाकं पुढच्यांच्या मागे गुपचूप आली. आरशात आईचा हात मांडीवर होता. तोंड हलत होतं. कोलंबीचा, बोंबलाचा, मांदेलीचा भाव चालला होता तिचा.

बाजारात पोचायला उशीर झाला होता, तिची जागा अर्धी शेजारणीने व्यापली होती. तिने आधी तिला बाजूला केलं, मग क्रेट लावून घेतले. मी निघणार तेवढ्यात तिने मला हाक मारली. कपाळाला आठी होती. म्हणाली, "आठमीला भांग लागल, म्हावरा कमी येल. तवा हलक्या गारीचा काय?"

भांगात, म्हणजे ओहोटी-भरतीला जोर नसतो त्या दिवसांत, अर्धं क्रेटसुद्धा भरत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अलाइनमेंटवाल्यालाही मी ते विचारलं नव्हतं. मी तिथेच उभ्या उभ्या दांड्यांचे आटे मनात मोजायला लागलो. म्हटलं, माहीत नाही आये.

"मंग तुजे गारीन बसूनशीच बगावा लागल," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडे वळली.